आधी कोतवाल बुक, मग झेंडा सत्याग्रह

आजोबा नागपूरच्या एम्प्रेस या कापड मिलमध्ये होते, झेंडा सत्याग्रहात (राष्ट्रीय झेंडा मिरवण्याच्या हक्कासाठी नागपुरात झालेल्या लढ्यात) तुरुंगात गेले, आणि कचेरीनं ‘नोंद आढळत नाही’ असं पत्र दिलं, हे तुम्ही लिहिलंत आणि मला आमचंच घर आठवलं.

त्या पत्रावर थांबू नका. मलाही एका कार्यालयानं तसंच पत्र दिलं होतं. तिथल्या बाबूनं आडनाव शोधलं, सापडलं नाही, शिक्का मारला. आमच्या मौज्याच्या जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, आडनावंच नाहीत. बापाचं नाव, जात, बस. जन्माच्या नोंदीत बाळाचं नावसुद्धा नाही, नुसतं ‘मुलगा’. तेव्हा अर्जात आज्या-पणज्याचं नाव, जात आणि मौजा ठळक लिहा, आणि पुस्तक स्वतः पाहायला मागा. माहिती अधिकारात अभिलेख पाहण्याचाही हक्क आहे.

पुढे एका भल्या कारकुनानं पुस्तक काढून दिलं. 1918 चा ऑक्टोबर. पणजी आणि तिची दोन लेकरं, तिघांच्याही मृत्यूच्या कारणात ‘ताप’. वर ताप, खाली ताप, पानंच्या पानं ताप. इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस ते. आमच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की चुलत घराण्यानं करणी केली. त्या घरी लग्नाकार्यालाही कोणी जात नसे. हे पान जिला दाखवायचं होतं ती मोठी आत्या नक्कल हाती येण्याआधीच गेली. पहिल्याच वेळी कोणी नीट पाहिलं असतं तर तिनं ते डोळ्यांनी वाचलं असतं. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: आधी माणसाच्या तारखा लावा, इतिहास नंतर उघडा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचा जन्म 1915 चा आहे म्हणता. झेंडा सत्याग्रह चालला 1 मे ते 18 ऑगस्ट 1923. जमनालाल बजाजांना अटक झाली, पुढे वल्लभभाई सूत्रं हाती घ्यायला नागपुरात आले, तेव्हा तुमचे आजोबा आठ वर्षांचे. गुरुजी जन्मतारीख अंदाजानं घालत, पण त्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे व्हायची, दहा नाही. मला वाटतं, 1923 मध्ये गेले ते पणजोबा असतील, किंवा आजोबांचा तुरुंग 1942 चा असेल. दोन्ही शोधून पाहा. घरच्या बोलण्यात बाप-लेक एकमेकांत मिसळतात, त्यात कोणी खोटं बोललेलं नसतं.

मिलचं म्हणाल तर तिथे पेन्शन 1886 पासून आणि प्रॉव्हिडंट फंड 1901 पासून होता. मिल बंद पडली, पण फंडाचा एखादा कागद घरच्या ट्रंकेत निघू शकतो. ट्रंक भंगारात देण्याआधी तळाचा कागदही उलटून पाहा.

मी वकील नाही. हे कागद जात पडताळणीसाठी हवे असतील, तर यातलं काय चालेल ते जाणकाराला विचारा. पणजोबांचं नाव आणि मौजा पक्का झाला की सांगा, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.