आधी मापं पूस

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गल्ला, वहीखातं सगळं सोडून वर्षभर आश्रमात जाऊन राहावंसं वाटतं म्हणतोस. वर विचारतोस, "काका, तुम्हा बेने इस्रायलांत संन्यास नाही का?"

नाही. आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आमच्या धर्मात संन्यास नाही. जवळ जाणारं एक व्रत होतं, नाझीराचं. द्राक्षारस वर्ज्य, केस कापायचे नाहीत. पण व्रत पुरं झालं की जेरुसलेमच्या मंदिरात त्याने पापाचं अर्पण आणायचं. कसलं पाप? एक रब्बी, म्हणजे आमचे धर्मपंडित, म्हणाले, देवाने दिलेल्या द्राक्षारसाला आपणहून मुकला, हेच. दुसऱ्यांनी त्याच माणसाला पवित्र म्हटलंय. तल्मूदात, म्हणजे रब्बींच्या वादचर्चांच्या ग्रंथात, एकमत शोधायला जाऊ नकोस. मी पहिल्यांच्या बाजूचा. तेल विकण्यात जन्म गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

कोकणात आमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणायचे. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, शुक्रवारी दिवेलागणीपासूनचा, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. लोकांच्या लक्षात तो बंद घाणा राहिला. मला विचारशील तर उरलेले सहा दिवस तो कसा चालवायचा, हेच जास्त अवघड.

वडिलांच्या दुकानात माझ्याकडे एकच काम होतं, तेलाची मापं पुसायची. तेल ओतलं तरी तळाला, काठाला थोडं राहतंच. ते चिकटतं, त्यावर धूळ बसते, आणि बघता बघता पावशेराचं माप पावशेर राहत नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही. मी कुरकुर करायचो, बोटांचा वास शाळेत जायचा. पुढे कळलं, हे मिश्नात, तल्मूदाचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, लिहिलंय, सुमारे १८०० वर्षांपूर्वी: दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा पुसावीत, तराजू दर वजनाच्या वेळी. तल्मूद तर म्हणतो, खोटं माप घरातसुद्धा ठेवू नये, लघवीचं भांडं म्हणूनही नाही. हसू नकोस. अंधारात कुणी चुकून तेच उचललं तर? आणि मेल्यावर न्यायाला उभं केलं की माणसाला पहिला प्रश्न हा: देवघेव सचोटीने केलीस का? तोरेच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, अभ्यासाला ठरलेला वेळ दिलास का, ते त्यानंतर.

खाण्याचंही असंच. घास तोंडात घालण्याआधी बेराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, म्हणायची, आणि ती पदार्थ बघून ठरते. खजुरावर झाडाच्या फळाची. केळ्यावर मात्र जमिनीच्या फळाची, कारण केळीचा बुंधा फळ देऊन मरतो, त्याला झाड धरत नाहीत. म्हणजे हातात काय आहे, कुठून आलंय, हे बघितल्याशिवाय आभार मानायचीही सोय नाही! लहानपणी मलिद्याच्या, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीच्या, ताटातल्या गोड पोह्यांवर माझा डोळा असायचा, आणि आजी विचारायची, "हे कुठं उगवतं रे?"

आश्रमाचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर म्हणत नाही. जाण्याआधी एकदा दुकानातली सगळी मापं खाली उतरव, काटा उलटा करून बघ. मग शुक्रवारी ये, दिवे लागायच्या आत. येताना केळी आण, फार पिकलेली नकोत.

तुझा,
काका