समलिंगी जवानांना उघडपणे फौजेत राहू द्यावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "बराकीत वीस-पंचवीस जण एकत्र राहतात, तिथं हे कसं चालणार? बेळगावकडचे फौजी काय म्हणतात?"

बेळगावकडचा फौजी म्हणाल तर मी एक. खानापूर तालुक्यातला. २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. आमच्याकडं मराठा रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर जवळ, त्यामुळं गल्लीत दोन घरं सोडून तिसऱ्या घरात भिंतीवर वर्दीतला फोटो असतोच. पण या विषयावर फौजी काय म्हणतात? काहीच नाही. विषयच निघत नाही, निघाला तर खिदळून संपतो. म्हणून माझंच सांगतो. राहू द्यावं. आणि "फौजेत घ्यावं का" असं विचारायचं असेल तर ते कधीचे आत आहेत.

आमच्या कंपनीत एक होता. नाव-गाव सांगणार नाही. सुट्टीचा विषय निघाला की हा कायम मागं. गणपतीला याची सुट्टी दुसऱ्याला, दिवाळीला तिसऱ्याला. आम्ही म्हणायचो, काय दिलदार गडी! एका थंडीत रात्री दोन ते चारचा पहारा आम्हा दोघांचा होता. तेव्हा म्हणाला, "घरात पोरगी बघायलेत. गेलो की लग्न लावून देतील. मला बायकांचं तसलं काय वाटतच नाही रे, काय करू?"

मी नुसतं "बरं" म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी माझी खाट तीन जागा पलीकडं नेली. खिडकीतनं गार वारा लागतो असं सगळ्यांना सांगितलं. ट्रंक जड होती. तिची दुसरी कडी धरायला तोच आला. एक शब्द बोलला नाही.

१५ वर्षं पुरी होऊन पेन्शन बसली तसा त्यानं घरी जायचा अर्ज टाकला. फायरिंगमध्ये कंपनीतल्या पहिल्या तिघांत असायचा. त्याला हाकलला कुणीच नाही, फक्त राहू वाटेना असं झालं. त्यात माझ्या खाटेचाही वाटा आहे.

आता कायद्याचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोन प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ज्याखाली असा संबंध गुन्हा धरायचे ते जुनं ३७७ कलमच ठेवलेलं नाही. पण जवानाला त्यावर लष्कराचा १९५० चा कायदा आहे. त्यातल्या ४६ व्या कलमात "अनैसर्गिक" प्रकारच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. अफसर आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे हुद्द्यांना) ४५ वं कलम वेगळं, पदाला न शोभणाऱ्या वागणुकीचं. घटनेचं ३३ वं कलम संसदेला फौजींचे मूलभूत हक्क आवळायची मुभा देतं. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी समलिंगी संबंध सैन्यात चालू देणार नाही असं पत्रकारांपुढं स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळं भरतीला पळणारा एखादा पोरगा हे वाचत असेल तर त्याला माझं सांगणं एवढंच: आज युनिटमध्ये कुणाला सांगू नको. माझ्यासारख्या दोस्तालाही नको.

बराकीचं म्हणाल तर बाहेरच्यांना तिथं काय चालतं असं वाटतं कोण जाणे. पहाटे पीटीची शिट्टी, एका नळावर चड्डीवर उभे दहा जण, डोळ्यात साबण, मागचा ओरडतोय "अरे आटप!" तिथं कुणाकडं बघायला सवड कुणाला? खरी भीती जबरदस्तीची असते, आणि ती वरच्या हुद्द्याच्या जोरावर होते. करणारा बायकोपोरांचा असला तरी. त्याला कडक शिक्षा हवीच, पण ती जबरदस्तीला हवी. आणि ज्याला लपवावं लागतं त्यालाच धमकावता येतं, हे आपल्या सुरक्षेवाल्यांना मी सांगायला नको.

शिस्त बिघडेल हे बायका येणार म्हटल्यावरही ऐकलं होतं. २०२१ मध्ये बंगळूरहून मिलिटरी पोलिसांच्या ८३ पोरी जवान म्हणून बाहेर पडल्या, बिघडलं काय? ब्रिटननं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात हरल्यावर २००० साली फौजेतली समलिंगींवरची बंदी उठवली. अमेरिकेत १९९३ पासून "विचारू नका, सांगू नका" असा कायदा होता. त्या काळात समलिंगी असल्याचं उघड झालं म्हणून १३ हजारांवर माणसं घरी पाठवली, मग २०११ मध्ये तो कायदाच गुंडाळला. आपल्याकडं तोच कायदा न लिहिता चाललाय.

गावात एक वेगळीच गंमत. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला, बाईच्या वेशात राहणारा जोगप्पा लुगडं नेसून, डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची टोपली) घेऊन दारात आला की माझी आई परडीत पीठ घालते, भंडारा कपाळाला लावून घेते, पाया पडते. जोगप्पा वेगळा, समलिंगी माणूस वेगळा, हे तिला कोण सांगणार? पण दारातल्याला पाया पडायचं आणि घरातल्याला कोंडायचं, हा हिशेब मला तरी जमत नाही.

तो मित्र गेल्या वर्षी बेळगावात फौजी कॅन्टीनच्या रांगेत भेटला. केस पांढरे झालेत. मी विचारलं, "एकटाच आलास काय?"

"नाही, तो बाहेर गाडीत बसलाय," म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

सामानाची एक पिशवी त्याच्या हातातनं घेतली आणि गाडीपर्यंत गेलो. तिघांनी कॅम्पात चहा घेतला. पैसे मला देऊ दिले नाहीत.