खारीला हाकलण्याआधी तिची वाट शोधा

या वेळच्या टपालात खारींची पत्रे इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या खेपेला ढकलावे लागले. बहुतेकांचे विचारणे एकच : काय शिंपडू, काय टाकू, म्हणजे खार येणार नाही? तसे शिंपडण्याजोगे फारसे काही नाही. खार येते ती खायला, पाण्याला किंवा पिल्ले घालायला. यातले कशासाठी येते आणि कुठून येते ते आधी बघा, मग उपाय स्वस्तात होतो.

प्रश्न : एसीच्या बाहेरच्या युनिटमागे खारीने घरटे केले आहे. काथ्या, कापूस, फडक्याचे धागे, एसीच्या पाइपवरचा काळा फोमही ओढून नेला आहे. सर्व्हिसिंगवाला म्हणतो, ओढून फेकून देऊ. देऊ का? (पुणे)

आत पिल्ले आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय नाही. खार दिवसा वावरणारा प्राणी. सकाळी दूर उभे राहून अर्धा तास बघा. ती तोंडात धागे घेऊन आत जात असेल तर घरटे अजून बांधकामात आहे. आजच काढलेत तर ती दुसरी जागा शोधेल. नुसतीच सारखी आतबाहेर करत असेल आणि आतून बारीक चिवचिव ऐकू येत असेल तर पिल्ले झाली आहेत. ती जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. आईवाचून एक रात्रही काढणे अवघड. अशा वेळी साधारण दोन महिने कळ काढा. एसी लावावाच लागणार असेल तर आधी वायर कुरतडलेली नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. घरटे पंख्यात किंवा वायरींना चिकटून असेल तर तोवर एसी बंदच ठेवा.

पिल्ले गेली हे ओळखण्याची साधी युक्ती : ज्या फटीतून खार ये-जा करते तिथे वर्तमानपत्राचा बोळा सैलसर खोचा. दोन-तीन दिवस, पाऊस नसताना, बोळा जागचा हलला नाही तर घर रिकामे. मग मेन स्विच बंद करून, तोंडाला फडके बांधून आणि हातमोजे घालून घरटे काढा. त्यात पिसवा असू शकतात.

पुढचे काम खरे महत्त्वाचे. तांब्याची पाइप भिंतीतून आत जाते तिथले भोक बहुतेक घरांत फोमने बुजवलेले असते. खारीला तो कुरतडायला कितीसा वेळ? तारेची जाळी कोंबून वर सिमेंट भरा. बाकीच्या फटींना अर्धा इंच चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी जाळी, लावा. युनिटची हवा मात्र अडवू नका. आणि कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका. तिच्या चौकटीतून खार सहज आत शिरते. जिथे शिरता येत नाही तिथे दोरा कापते.

प्रश्न : आमच्या माडांखाली रोज कोवळे नारळ पडतात. देठाजवळ भोक असते. शेजारी म्हणतात खार, पाडेली (नारळ पाडणारा) म्हणतो उंदीर. खरे कोण? (कुडाळ)

देठाजवळ, टोपीलगत भोक आणि पाणी-मलई फस्त, ही उंदराची खूण. त्यातही रात्रीतून पडून सकाळी सापडत असतील तर तुमच्या पाडेल्याचेच बरोबर. खारही कोवळी फळे कुरतडते, पण तिचा कारभार उजेडी. भर दिवसा फळ पडले, वर शेपटी उडवत चिक्‌चिक्‌ ऐकू आले, तर खार. घाटालगतच्या बागांत शेकरूही येतो. तो मोठा, त्याचे भोक ऐसपैस आणि कडा फाटलेल्या. शेकरू हा आपला राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे तिथे पिंजऱ्याचा विचारही करू नका.

पडलेली फळे नीट न्याहाळा. फळावर भोक नसून टोपीखालून तपकिरी, खरबरीत चट्टे उतरले असतील तर तो कोळी (जाळे विणणारा नव्हे, सूक्ष्म कीड), म्हणजे वेगळेच प्रकरण. झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी दिसत असतील तर गेंडा भुंगा. माडाखाली काहीही पडले की बिचाऱ्या खारीच्या नावावर खपवायची आपल्याकडे रीतच पडली आहे.

उंदीर आणि खार दोघांनाही चालणारा उपाय म्हणजे खोडाला पत्रा. जमिनीपासून सहा-सात फुटांवर साधारण दीड फूट रुंदीची गुळगुळीत पट्टी खोडाभोवती गुंडाळा. खिळे ठोकू नका, तारेने किंवा कातडी पट्ट्याने आवळा. माडाच्या खोडाची जखम आंब्याच्या झाडासारखी भरून येत नाही. वर्षातून एकदा पट्टी सैल करून बघा. पण पत्रा लावून झावळ्या शेजारच्या फणसात घुसलेल्याच राहिल्या तर पैसे वाया. खार तिथूनच शेंड्यावर जाते. दाट लागवडीच्या बागेत झावळीला झावळी लागलेली असते, तिथे एकेका माडाला पत्रा लावून भागत नाही. तिथे शेंडा साफ ठेवणे, जुन्या पोयी (फुलोरे) आणि वाळक्या पिसुंद्र्या उतरवणे, नारळ वेळेवर पाडणे हेच. शेंड्यातल्या त्या कचऱ्यात उंदीर आणि खार दोघेही घर करतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात फळे घेऊन गेलात तर नुकसान कशाचे आहे हे ते पाहून सांगू शकतील.

प्रश्न : डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या खारी कुरतडतात. दर चार दिवसांनी जोड टाकावे लागतात. औषध सुचवा. (सांगोला)

विषाचे गहू सुचवणार नाही. तुमच्या बांधावर मोर, तितर, शेजाऱ्याचे कुत्रे, सगळेच येतात, आणि मेलेला उंदीर किंवा खार खाऊन घुबड मरते ते वेगळे.

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे ती काही ना काही कुरतडणारच. उन्हाळ्यात त्यात तहानेची भर. नळीला चावा घेतला की थेंब मिळतो, हे तिला एकदा कळले की संपले. कुरतडणे एप्रिल-मेमध्येच वाढत असेल तर बांधाच्या कडेला, झाडाच्या सावलीत मातीची पसरट भांडी ठेवा आणि ती रोज भरा. एक दिवस भरून चार दिवस विसरलात तर उपयोग शून्य. उपनळ्या शक्य तिथे मातीखाली वा आच्छादनाखाली घ्या, ड्रीपर तेवढे वर राहू द्या. काम झाल्यावर नळीत पाणी साठून ठिबकत राहणार नाही हेही बघा. फळांसाठी कापडी किंवा न विणलेल्या कापडाच्या पिशव्या बांधा. प्लास्टिकच्या आत पाणी सुटून फळ कुजते.

प्रश्न : डांबरगोळ्या, अल्ट्रासोनिक मशीन, तिखट : यांतले काय चालते? (ठाणे)

डांबरगोळ्या उघड्यावर ठेवू नका, मुले तोंडात घालतात. मशीनवर पैसे घालवू नका; खार आवाजाला सरावते. तिखटाचे मात्र एक आहे. पक्ष्यांच्या दाण्याला लाल तिखट चोळले तर खार तोंड वळवते आणि पक्षी खुशाल खातात, कारण मिरचीचा जहालपणा सस्तन प्राण्यांना जाणवतो, पक्ष्यांना नाही. वारा तोंडावर येईल असे उभे राहून चोळू नका, इतकेच.

प्रश्न : आमच्या घराच्या माळ्यावर खारी शिरल्या आहेत. इथल्या खारी मोठ्या, करड्या. पिंजरा लावून लांब सोडाव्यात का? (न्यू जर्सी)

तुमची ती ईस्टर्न ग्रे खार. तिची पिल्ले वर्षाला दोनदा, हिवाळा संपताना आणि उन्हाळा संपताना होतात. त्या दिवसांत आई पकडून नेलीत तर पिल्ले माळ्यावर मरतात आणि मग घरभर वास. शिवाय पकडलेली खार दुसरीकडे सोडण्याबाबत तिथे राज्याचे नियम आहेत. आधी ते पाहा. भोकाला एकाच बाजूने उघडणारे झडपेचे दार लावतात, ते उत्तम : बाहेर जाता येते, आत येता येत नाही. मात्र पिल्ले चालती झाल्यावरच. नंतर छपरावर झुकलेल्या फांद्या आठ-दहा फूट मागे छाटा. आणि बागेत ट्युलिपचे कंद लावून दरवर्षी रडत असाल तर डॅफोडिल लावा. ते खारी खात नाहीत.

प्रश्न : खारीचे पिल्लू अंगणात पडले. दूध पाजावे का? (नाशिक)

नाही. गाईचे दूध मानवत नाही आणि ड्रॉपरने पाजताना ते फुप्फुसात जाते. उबदार फडक्यात, छोट्या खोक्यात ठेवून ते झाडाच्या खोडाला उंचावर, मांजराला पोहोचणार नाही असे बांधा आणि दूर जा. दिवसभरात आई बहुधा तोंडात धरून नेते. जखमी असेल किंवा संध्याकाळपर्यंत आई आलीच नाही तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : गॅलरीत रोज येणाऱ्या खारीला मुलगा हातातून शेंगदाणे भरवतो. काल तिने बोट चावले. रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागतील का? (सोलापूर)

खारीपासून माणसाला रेबीज होण्याची शक्यता फारच कमी, म्हणून सहसा लागत नाहीत. तरी निर्णय डॉक्टरांचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. दाणे घालायचेच असतील तर ताटलीत ठेवून मुलाने मागे व्हावे.