दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट द्यावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुराने शेतात साचलेली वाळू काढायला किंवा शेततळं खोदायला राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाची मंजुरी लागते का, आणि लागत असेल तर लहान शेतकऱ्याला त्यातून सरसकट मोकळं करावं का.

पहिल्याचं उत्तर बरंच दिलासा देणारं आहे. केंद्राच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत मंजुरी न लागणाऱ्या कामांची यादीच आहे. पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणं, सिंचनाची किंवा पिण्याच्या पाण्याची विहीर खोदणं, मनरेगा किंवा इतर सरकारी योजनेतली तळी आणि बांध, गावतळ्यातला गाळ काढणं, कुंभाराने हाताने माती काढणं हे सगळं त्यात येतं. योजनेबाहेर, स्वखर्चाने शेततळं घेणार असाल तर मात्र आधी तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्या.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे : एकर मोजून सूट देऊ नये. मी नदीकाठचाच शेतकरी आहे आणि लहान माणसाला कागदांच्या मागे पळवू नये असं मलाही मनापासून वाटतं. पण क्षेत्रावर सूट ठेवली की काय होतं ते हरियाणात दिसलं आहे. तिथे ५ हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या (वाळू, माती, मुरूम यांसारख्या) पट्ट्यांना मंजुरी लागत नसे, म्हणून वाळूच्या पट्ट्यांचे त्याहून लहान तुकडे पाडून लिलाव काढले गेले. शेवटी २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ५ हेक्टरच्या आतही मंजुरी घ्या. त्या आदेशाचा जाच विहीर खोदणाऱ्याला आणि कुंभाराला होऊ नये, यासाठी २०१६ ची यादी उपयोगी पडते, कारण ती काम कशासाठी आहे ते पाहते.

आकार लहान म्हणजे माती थोडी, असंही नसतं. योजनेतलं ३० × ३० × ३ मीटरचं शेततळं घ्या. उतार धरून त्यातून सुमारे २,२०० घनमीटर माती निघते, म्हणजे साडेसातशे ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर). ती बांधावर आणि शेतात पसरली तर कुणाचंच नुकसान नाही. तीच डंपर भरभरून रस्त्याच्या भरावाला गेली तर शेततळ्याच्या नावाखाली ती खाणच झाली. म्हणून माती जाते कुठे, यावर सूट ठरली पाहिजे.

२०२० मध्ये रस्ते, पाइपलाइन अशा कामांसाठी लागणाऱ्या साध्या मातीलाही सूट दिली गेली होती. किती माती, किती क्षेत्रातून, कसलीच मर्यादा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. संजय करोल यांच्या खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द केली. मला तो निकाल शेतकऱ्याच्या बाजूचा वाटतो. अशा भरावाची माती शेवटी कुणाच्या तरी शिवारातूनच उचलली जाते आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात पुढची कित्येक वर्षं काही पिकत नाही.

आता तुमच्या कामाचं. पर्यावरण मंजुरी नको याचा अर्थ महसूल खात्याला विचारायला नको असा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहनही अडकतं. वाळू हलवण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, फोटो काढा, अंदाजे किती ब्रास आहे ते लिहून सातबाऱ्यासह तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. 'शेत फुकट साफ करून देतो, वाळू मी नेतो' म्हणणारा जेसीबीवाला आला तर वाहतूक परवाना त्याच्या नावाने निघालेला पाहिल्याशिवाय त्याला शेतात उतरू देऊ नका. दंडाची नोटीस गट नंबर बघून निघते, म्हणजे ती तुमच्याच दारी येईल.