पहिल्या पंधरा मिनिटांवर जाऊ नका

प्रश्न : ताई, मी वर्षानुवर्षं शनेल नंबर ५ वापरते. मैत्रिणीने त्याच धर्तीचं एक स्वस्त परफ्यूम दिलं. फवारल्यावर दोन्ही सारखीच वाटली. मग इतके दिवस मी नुसत्या नावाचे पैसे मोजले का?

उत्तर : नावाचे मोजलेतच, पण नुसत्या नावाचे नाहीत.

नंबर ५ची सुरुवातीची ती साबणासारखी स्वच्छ झळाळी अल्डिहाइड या कृत्रिम द्रव्यांची आहे. नंबर ५ घडवणारे अत्तरकार अर्नेस्ट बो यांनी 1921 साली ही द्रव्यं सढळ हाताने घातली, तेव्हा त्याचं अप्रूप होतं. आज ती स्वस्तात मिळतात, आणि गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र मिश्रणातले बरेचसे घटक उलगडून दाखवतं. त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं नक्कल सहज तरून जाते. ‘अस्सल म्हणजे फुलांचा अर्क, नक्कल म्हणजे केमिकल’ हेही डोक्यातून काढा. केमिकल दोन्हीकडे आहे.

खरी गोम नंबर ५मधल्या जाईत. तिच्या अर्कात शेकडो घटक असतात. नक्कल करणारा त्यातले ठळक तेवढे उचलतो : बेंझाइल अ‍ॅसिटेटचा फळासारखा गोडवा. मोकळेपणासाठी वर हेडिओन हे कृत्रिम द्रव्य घालतो. जाईतल्याच इंडोल या घटकाला मात्र तो बिचकतो, कारण नुसतं हुंगलं तर ते डांबराच्या गोळ्यांसारखं, किळसवाणंच लागतं. पण अस्सल जाईला जो अंगाचा, किंचित उतू गेलेला दरवळ असतो, तो त्याच्यामुळे. तो गाळला की उरतो छान धुतलेला टॉवेल.

आता तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. फ्रान्समधल्या ग्रासची महागडी जाई मुख्यत्वे ‘परफम’ या दाट प्रकारासाठी राखलेली असते. तुमचं ‘ओ द तॉयलेत’ हा पातळ प्रकार असेल, तर दोन्हींतलं अंतर तुम्हाला वाटतं त्याहून कमी निघेल.

दोन कागदी पट्ट्यांवर एकेक फवारा मारा, मागे खूण करा आणि घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा. दोन तासांनी हुंगा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये कॉफीच्या बिया हुंगू नका, मला त्यांचा कधी उपयोग झालेला नाही. स्वतःच्या कोपराचा वास घेतला तरी नाक ताळ्यावर येतं. सकाळी नक्कलच आवडली, तर खुशाल वापरा. ओढणीवर मीही तसलंच मारते.

मात्र शनेलचंच नाव आणि खोकं चोरून विकलेली बाटली असेल, तर ती नक्कल नव्हे, बनावट माल. आत काय आहे याचा पत्ता नसतो. ती अंगाला लावू नका.