मीटिंगला माना डोलावतात, पुढं काहीच नाही

प्रश्न: सोलापुरात छोट्या चादर-टॉवेल कारखानदारांसाठी आमची संस्था आहे, यंदा मी अध्यक्ष झाले. जीआय टॅगचं (माल अमुक भागातलाच, अशी सरकारी नोंद) काम काढलंय पण मीटिंगला सगळे हो हो म्हणतात आणि करत कुणीच नाही, जुने काका तर म्हणतात चाललंय ते बरंय. काय करू?

उत्तर: ताई, आधी मीटिंगा कमी करा. सोलापुरी चादरीला टॅग मिळालाय खरा, पण कारखानदाराला तो वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून एकच कारखाना धरा, ज्याचं बाकीचे ऐकतात असा, आणि कागद गोळा करण्यापासून फॉर्म भरेपर्यंत तुमचा माणूस तिथं बसवा, त्याच्या चादरीवर लेबल दिसलं की शेजारचा आपोआप विचारायला येतो (खर्च किती, हे आधी विचारेल!). काकांना विरोधक समजू नका हो, सुताचे भाव, उधारी कुणाकडे बुडते, सगळं त्यांना तोंडपाठ, नव्या पोरांबरोबर त्यांनाच पाठवा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे बरेच, तिथं जाताना तेलुगू बोलणारं कुणीतरी सोबत हवंच. आणि पावतीपुस्तक पहिल्याच दिवशी काढू नका, वर्गणीचं नंतर बघता येईल.