विंडोजवर पाच तास, मिंटवर तीन: बॅटरी नक्की कोण खातंय?

तुम्ही लिहिलंय की एकाच लॅपटॉपवर (आय-५ ७२००यू, एनव्हिडिया ९४०एमएक्स, ४२ वॅट-अवरची बॅटरी) विंडोज १० पाच तास चालतं आणि लिनक्स मिंट जेमतेम तीन. सगळे तर लिनक्स हलकं म्हणतात, मग हे उलटं कसं? माझा संशय थेट त्या एनव्हिडिया कार्डावर आहे.

आधी तास बाजूला ठेवा आणि वॅट बघा. ४२ भागिले ५ म्हणजे विंडोजवर सरासरी ८.४ वॅट. ४२ भागिले ३ म्हणजे मिंटवर १४. मधे साडेपाच वॅटची तफावत आहे. मिंटचा डेस्कटॉप सिनॅमन घेतला की त्याहून हलका एक्सएफसीई, मागे दोन सेवा जास्त चालू आहेत का, असल्या किरकोळ कारणांनी एवढा फरक पडत नाही. कुठलं तरी हार्डवेअर झोपायचं सोडून जागं आहे. लिनक्स हलकं आहे ते रॅमच्या हिशेबात, त्याचा बॅटरीशी फार थोडा संबंध.

९४०एमएक्स हे मॅक्सवेल पिढीचं कार्ड. काम नसताना कार्डाची वीज आपोआप तोडायची सोय एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ट्युरिंगपासून, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांना आहे. तुमच्या कार्डाला नाही. त्यामुळे ट्रेमधला (घड्याळाजवळच्या चिन्हांतला) ‘ऑन-डिमांड’, म्हणजे गरजेपुरतं एनव्हिडिया, हा पर्याय निवडून तुम्ही निर्धास्त झाला असाल, तर कार्ड आत काहीही न करता वीज ओढत बसलेलं असणार. विंडोजमध्ये ऑप्टिमस, म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड गरजेप्रमाणे चालू-बंद करणारं तंत्र, हेच काम न सांगता करून टाकतं. ट्रेमधल्या त्याच मेनूतून इंटेलचा (प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचा) पर्याय निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. एकच अडचण येऊ शकते. काही मॉडेल्समध्ये एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाला जोडलेला असतो, मग इंटेलवर असताना बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर लागत नाही.

हे करण्याआधी आणि केल्यानंतर पॉवरटॉप (वीज कुठे जाते ते दाखवणारा प्रोग्राम) टर्मिनलमध्ये चालवून बघा, सुडो म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार लागेल. चार्जर काढा, ब्राउझर बंद करा, दोन-तीन मिनिटं काही करू नका. पहिल्याच पानावर वर बॅटरी किती वॅटने उतरतेय तो आकडा दिसतो. तो खाली आला तर चोर सापडला. स्क्रीनचा उजेड दोन्ही वेळी तेवढाच ठेवा. विंडोजशी तुलना करताना उजेड डोळ्यांनी जुळवा, कारण दोन्हीकडचे ५० टक्के सारखे असतीलच असं नाही.

दुसरा खादाड म्हणजे व्हिडिओ. व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवतात तिला कोडेक म्हणतात. तुमचा प्रोसेसर व्हीपी९ आणि एच.२६४ हे कोडेक हार्डवेअरवर उलगडू शकतो, एव्ही१ नाही. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकपुढे एव्ही०१ दिसलं तर सगळा भार प्रोसेसरवर आहे, तेव्हा ब्राउझरमध्ये एव्ही१ अडवणारं एक्स्टेन्शन टाका. व्हीपी०९ दिसत असूनही पंखा घरघरत असेल तर इंटेल जीपीयू टॉप (इंटेल ग्राफिक्सवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) चालवा. त्यातली व्हिडिओची ओळ शून्यावरच असेल, तर हार्डवेअर डिकोडिंग चालू नाही. फायरफॉक्समध्ये इंटेलसाठी ते ११५ आवृत्तीपासून (२०२३) आपोआप चालू असतं, पण डेस्कटॉपच एनव्हिडियावर चालत असेल तर हमखास बिनसतं. म्हणजे पुन्हा तेच कार्ड.

टीएलपी, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंग्ज आपोआप लावणारा प्रोग्राम, टाकायचा सल्ला सगळेच देतात. टाका, पण आधीपासून पॉवर प्रोफाइल्स डीमन (तेच काम मागे बसून करणारी सेवा) असेल तर तो काढा. दोघं एकाच बटणावर हात ठेवून बसतात. आणि पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून (वीज वाचवायच्या सगळ्या सेटिंग्ज एकदम लावणं) डोळे मिटून चालवू नका, यूएसबी माउस दर थोड्या वेळाने झोपी जायला लागतो आणि लोक माउस बदलत बसतात!

कामगिरीबद्दल थोडक्यात. ब्राउझिंग, ऑफिस, व्हिडिओ कॉल यांत त्याच हार्डवेअरवर फारसा फरक जाणवणार नाही. कोडिंग करत असाल तर मात्र जाणवेल. गिट (कोडचे बदल नोंदवणारा प्रोग्राम), पायथनची पॅकेजेस, हजारो बारक्या फायली असलं काम लिनक्सवर सुसाट होतं, कारण विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना नाक खुपसतो. लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर हा सगळा वाद सोडा आणि आधी एसएसडी बसवा.

एखाद्या मित्राच्या एम१ (अ‍ॅपलची स्वतःची चिप) मॅकबुक एअरशी बरोबरी करू नका. त्याची बॅटरी ४९.९ वॅट-अवरची आणि अ‍ॅपलचा दावा १८ तास व्हिडिओचा, म्हणजे सरासरी पावणेतीन वॅट. ती करामत मुख्यतः चिपची आहे. २०१७ च्या आसपासच्या इंटेलवर कुठलीही सिस्टिम टाकून तो आकडा येणार नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. तेव्हा मिंट नीट बसवण्यात घातलेला वेळ वाया जाणार नाही. कार्ड बंद केल्यावर पॉवरटॉपचा आकडा इथे टाका. दहाच्या वर राहिला तर पुढे वायफाय आणि डिस्ककडे बघू.